गंधाराच्या अंतरावर लावलेली गिटार

कामगार संघटनेच्या कचेरीत ज्याची निम्मी हयात गेली, त्याने वसंतोत्सवाच्या व्यासपीठावर गिटारविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांस नवल वाटले असेल. आम्हांस स्वतःलाही थोडे वाटले. आम्ही संगीताचे पंडित नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते रात्रशाळेत आणि संघटनेच्या कपाटातल्या पुस्तकांवर. गाण्याशी संबंध म्हणाल तर वडिलांच्या भजनी मंडळातली पेटी, एवढाच. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते शास्त्रचर्चा म्हणून ऐकू नये. एका प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले, त्याचा हा हिशेब आहे.

प्रश्न आमच्या एका सहकाऱ्याचा होता. हे गृहस्थ एका कारखान्यात प्रेसवर काम करीत. प्रेसला गार्ड नव्हते, आणि एका रात्रपाळीत त्यांच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी गेली. नुकसानभरपाईचा दावा आम्हीच चालविला. त्या वेळी लागू असलेल्या 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. कोणते बोट गेले म्हणजे माणसाची कमाईची शक्ती किती टक्क्यांनी घटते, याचा तक्ता त्यात दिलेला असे. तर्जनीचे मोल त्यात अधिक, मधल्या बोटाचे त्याहून कमी, आणि अनामिका व करंगळी यांचे सर्वांत कमी. यथावकाश दावा निकालात निघाला, पैसे मिळाले, हलके कामही मिळाले. परंतु हे गृहस्थ आमच्या कामगार कलापथकात गिटार वाजवीत असत. एके दिवशी ते कचेरीत आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "भाऊ, पगाराचं तर झालं. पण गिटारचं काय?"

कायद्याच्या तक्त्यात याला उत्तर नव्हते. गिटार वाजविणाऱ्यास करंगळी सात-आठ टक्क्यांची नसते. डाव्या हाताच्या चार बोटांवर सगळा डोलारा उभा असतो. तेव्हा आम्ही शोधास लागलो.

असा प्रसंग ओढवलेले ते पहिलेच नव्हेत, हे लवकरच कळले. जँगो राइनहार्ट हा युरोपातला थोर गिटारवादक. 1928 साली, अठरा वर्षांचा असताना, त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची हीच दोन बोटे आखडून निकामी झाली. त्याने गिटार तशीच ठेविली आणि हात बदलला. उरलेल्या दोन बोटांनी तो असा वाजवू लागला की चार बोटांच्या वादकांनी त्याची नक्कल करावी. दुसरे उदाहरण तर आमच्याच बिरादरीतले. इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे टोनी आयोमी नावाचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करीत होता. 1965 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात तोच होता. त्याच्या फोरमनने त्याला जँगोची तबकडी ऐकविली, असे तो स्वतः सांगत आला आहे. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, बारीक तारा चढविल्या, आणि पुढे सगळ्या तारा सैल करून खाली उतरविल्या. म्हणजे एकाने हात बदलला, दुसऱ्याने तारा बदलल्या. तिसरा एक मार्ग उरतो: तारा कोणत्या स्वरांना लावावयाच्या, तो मेळच बदलावयाचा. आजचा विषय हा तिसरा मार्ग आहे.

तो समजण्यासाठी आधी नेहमीचा मेळ समजून घेतला पाहिजे. गिटारला सहा तारा असतात, आणि सतारीप्रमाणे दांडीवर पडदे असतात. मात्र सतारीचे पडदे सरकविता येतात, गिटारचे जागच्या जागी ठोकलेले असतात. एक पडदा पुढे सरकले की स्वर एक अर्धस्वर चढतो. पेटीवर पांढऱ्या-काळ्या मिळून 12 पट्ट्यांत एक सप्तक पुरे होते, तसेच येथे 12 पडद्यांत पुरे होते. पेटी पाहिलेल्या माणसाला एवढे पुरेसे आहे.

आता सर्वांत जाड तार म्हणजे सा धरा. जगभर रूढ असलेल्या मेळात दुसरी तार म्हणजे शुद्ध म. तिसरी कोमल नी. चौथी त्यावरच्या सप्तकातला कोमल ग, पाचवी त्याच सप्तकातला प, आणि सहावी पुन्हा सा, पहिल्या तारेहून बरोबर दोन सप्तके वर. पाश्चात्त्य नावांनी ई, ए, डी, जी, बी, ई. अंतरे मोजली तर 5, 5, 5, 4, 5 अर्धस्वर. चार ठिकाणी सा-म एवढे अंतर, आणि एकाच ठिकाणी, चौथ्या आणि पाचव्या तारेच्या मध्ये, सा-ग एवढे.

हा एक अपवाद का? पाचही अंतरे पाच-पाचची ठेविली तर बेरीज 25 होते. दोन सप्तकांना लागतात 24. मग पहिली तार आणि शेवटची तार एका नावाच्या राहात नाहीत, एका बोटाने सहाही तारा आडव्या दाबून वाजवावयाच्या संगती बिघडतात, आणि मोकळ्या तारांचा गोड भरणा नाहीसा होतो. म्हणून कोठेतरी एक अर्धस्वर सोडावा लागला. ही तडजोड जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या ल्यूट या वाद्यातही चार-चौथऱ्यांच्या मध्ये एक गंधाराचे अंतर असे. पुढे पाच जोडतारांच्या गिटारमध्ये ते आले. आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस सहा तारांची गिटार झाली तेव्हा तेथेही टिकले. आम्ही आयुष्यभर करार केले आहेत. हा मेळ पाहिला तेव्हा ओळख पटली की, हाही एक करारच आहे. तो मूर्खपणाने झालेला नाही. भरपूर माणसांच्या सोयीचा आहे. पण निसर्गाचा नियम मात्र नव्हे.

या कराराची किंमत शिकणारा भरतो. सा, ग, प ही तीन स्वरांची साधी संगती घ्या, जिच्यावर निम्मी पाश्चात्त्य गाणी चालतात. लागोपाठच्या तीन तारांवर ती वाजवावयाची म्हटली तर जाड तारांवर बोटांची एक आकृती होते, मधल्या तारांवर दुसरी, बारीक तारांवर तिसरी. संगती एक, आकृत्या तीन. त्यांतली जाड तारांवरची आकृती चार पडद्यांत पसरते आणि तिला तीन बोटे लागतात. आमच्या मित्राजवळ बोटे दोन. त्यांना फक्त अखेरच्या तीन बारीक तारांवर ती संगती जमे, आणि तीही ताणून.

आता तो अपवादच नियम केला तर? म्हणजे पाचही अंतरे सा-ग एवढी, चार-चार अर्धस्वरांची केली तर? सा पासून चार अर्धस्वर वर शुद्ध ग. ग पासून चार वर कोमल ध. कोमल ध पासून चार वर तार सा. चार त्रिक बारा, सप्तक पुरे. म्हणून सहा तारांचा मेळ असा होतो: सा, ग, कोमल ध; पुन्हा सा, ग, कोमल ध. तीन तारांनंतर तेच स्वर एक सप्तक वर येतात. सा-म च्या अंतराने सगळ्या तारा लावणारेही वादक आहेत, अमेरिकेतला स्टॅन्ली जॉर्डन त्यांपैकी एक. त्याही मेळात आकृती बदलत नाही. पण सहा तारांत एकही स्वर फिरून येत नाही. गंधाराच्या मेळात तो येतो, हा त्याचा विशेष.

यातून काय मिळते ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट, पाठांतर घटते. कोणतीही आकृती एका तारेवरून शेजारच्या तारेवर नेली तरी ती मोडत नाही. शिवाय तीच आकृती तीन तारा ओलांडून त्याच पडद्यावर धरली की तेच स्वर एक सप्तक वर मिळतात. एक शिकले की दुसरे फुकट पदरात पडते.

दुसरी गोष्ट, सप्तक हाताखाली येते. तीन तारा आणि चार पडदे, म्हणजे बारा जागा; आणि सप्तकातले स्वरही बारा. एकही स्वर दोनदा येत नाही, एकही सुटत नाही. चार बोटांना चार पडदे वाटून दिले की हात जागचा न हलविता सगळे सप्तक वाजते. रूढ मेळात यासाठी हात थोडा मागे-पुढे न्यावा लागतो.

तिसरी गोष्ट, आणि आमच्या मित्राच्या दृष्टीने हीच खरी: सा-ग-प ही संगती दोन पडद्यांत आणि दोन बोटांत बसते. लागोपाठच्या कोणत्याही तीन तारा घ्या. त्यांतल्या जाड दोन तारांवर मधले बोट एकाच पडद्यावर आडवे टेकवा. तिसऱ्या तारेवर तर्जनी एक पडदा अलीकडे, खुंट्यांच्या बाजूस, ठेवा. झाली संगती. गंधार कोमल हवा असेल तर मधले बोट फक्त जाड तारेवर ठेवून तर्जनी उरलेल्या दोन तारांवर आडवी करावयाची. उजळ आणि उदास, दोन्ही रंग दोन बोटांत. आणि संगतीचा सा खालून उचलून वर ठेवावयाचा असेल, म्हणजे ग-प-सा असा क्रम हवा असेल, तर तोच सा तीन तारा पलीकडे त्याच पडद्यावर उभा असतो. शोधावा लागत नाही.

हा मेळ पद्धतशीरपणे मांडला तो राल्फ पॅट या अमेरिकन जाझ गिटारवादकाने. 1929 साली जन्मलेला हा माणूस 2010 साली वारला. वादक तर होताच, भूगर्भशास्त्राचाही अभ्यासक होता. 1960 नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात त्याने हा मेळ घेतला. त्याचे कारण आमच्याहून अगदी निराळे होते. शोनबर्ग या संगीतकाराने 1920 नंतर बाराही स्वरांना सारखा मान देणारी रचनापद्धती काढली होती. तिच्या धर्तीचे संगीत उत्स्फूर्तपणे वाजवावयाचे तर बारा स्वर हाताखाली सारख्या अंतरावर असावेत, ही पॅटची गरज. सहा तारांत एक अडचण राहाते: पाच अंतरे चार-चारची म्हणजे वीस अर्धस्वर, रूढ मेळाहून चार कमी. म्हणून त्याने सात तारांच्या गिटारी करविल्या. सहा चोक चोवीस. दोन सप्तके पुरी झाली. पुढे आठ तारांचीही केली.

आमच्या मित्राजवळ सात तारांच्या गिटारीला पैसे नव्हते, आणि गरजही नव्हती. सहा तारांची साधी गिटार, त्याच तारा ठेवून, या मेळात आणता येते. सर्वांत जाड तार आहे तशी राहू द्यावी. तिच्या पुढच्या तारा अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन आणि चार अर्धस्वर सैल कराव्यात. काही तुटत नाही, काही ओढले जात नाही. शेवटच्या तारा थोड्या ढिल्या होतात, पडद्यावर खुळखुळतात. त्यांच्या जागी किंचित जाड तारा घातल्या की तेही थांबते.

येथे आमची एक फजिती सांगितली पाहिजे, कारण ती मराठी कानाची फजिती आहे. पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी गिटार कानावर लावली. गंधार कसा असतो हे भजनी मंडळातल्या माणसाला का शिकवावयाचे? तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप बोलू लागतो, ज्याला जाणकार स्वयंभू गंधार म्हणतात, तोच धरला. जाड तारेवरून दुसरी लावली, दुसरीवरून तिसरी, तिसरीवरून चौथी. प्रत्येक जोडी गोड लागली. मग पहिली आणि चौथी तार एकत्र छेडली. दोन्ही सा! पण असे बेसूर की शेजारच्या टेबलावर पावत्या फाडणारे आमचे खजिनदारसुद्धा मान वर करून पाहू लागले.

दोष कोठे होता, ते दुसऱ्या दिवशी कागदावर आकडे मांडल्यावर उमगले. स्वर म्हणजे तारेची कंपने. सप्तक चढले की कंपने दुप्पट होतात. तंबोऱ्यातला गंधार सा च्या सव्वापट असतो. आता हिशेबाच्या सोयीसाठी सा ची कंपने सेकंदाला 128 धरा. सव्वापट केली की ग ची 160. पुन्हा सव्वापट, 200. पुन्हा सव्वापट, 250. पण तार सा तर 128 ची दुप्पट, म्हणजे 256 हवा! सहाची तूट आली. तीन शुद्ध गंधार एकावर एक रचले तर सप्तक भरत नाही, थोडे उणे पडते. हे कोणाच्या कानाचे वा गिटारीचे वैगुण्य नव्हे, अंकगणितच तसे आहे.

मग पेटी आणि गिटार काय करतात? ती तूट तिन्ही गंधारांत सारखी वाटून देतात. प्रत्येक अंतर किंचित मोठे करतात: 128, मग सुमारे 161.3, मग 203.2, आणि नेमके 256. सप्तक साधते, पण प्रत्येक गंधार स्वयंभू गंधाराहून जरासा चढा राहातो. आपल्याकडे पेटीवर जो रोष झाला त्यातले एक मोठे कारण हेच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली 22 श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य होते. आकाशवाणीने तर 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला आपल्या दारात येऊ दिले नाही. त्या वादात पडण्याचा आमचा अधिकार नाही. एवढेच सांगतो की गिटारचे पडदे ठोकलेले असल्यामुळे ही वाटणी कारखान्यातच होऊन आलेली असते. रूढ मेळातही तोच चढा गंधार असतो. गंधाराचा मेळ नवे पाप करीत नाही. फक्त मोकळ्या तारा लावतानाही ती वाटणी पाळावी लागते. त्याची युक्ती सोपी आहे: कोणतीही तार चौथ्या पडद्यावर दाबावी आणि पुढची मोकळी तार तिच्याशी मिळवावी. पाचही वेळा चौथाच पडदा. शेवटी पहिली आणि चौथी, दुसरी आणि पाचवी, तिसरी आणि सहावी या जोड्या सप्तकाने जुळतात का, ते पाहावे. मोबाइलवर स्वर दाखविणारी सोय असेल तर तीही चालते.

आता तोटे. कराराचे फायदे तेवढे सांगून सही घेणारा पुढारी पुन्हा त्या फाटकावर उभा राहू शकत नाही, म्हणून तेही मोजून सांगतो.

पहिला तोटा असा की, मोकळ्या तारांचा गोडवा जातो. या मेळात मोकळ्या तारा एकदम छेडल्या तर सा, ग, कोमल ध असा अस्वस्थ, अधांतरी आवाज येतो. सहाही तारांवर झणझणीत हात मारून गाणे उचलावयाचे, ही जी गिटारची मैफलीतली शान, ती दोन बोटांत साधत नाही. तीन तारांच्या संगतीवर भागवावे लागते. दुसरे, चार अर्धस्वरांचा टप्पा कमी होतो. वरचे स्वर घेण्यासाठी दांडीवर तेवढे पुढे जावे लागते. तिसरे, सप्तक हात न हलविता मिळते ते चार बोटांच्या माणसाला. दोन बोटांच्या माणसाला चाल वाजविताना हात सरकवावाच लागतो. आमच्या मित्राला संगती मिळाल्या; जलद तानांची त्यांनी आशा सोडली. आणि चौथे, बाजारातली पुस्तके, शिकवण्या आणि छापील खुणा सगळ्या रूढ मेळासाठी असतात. या वाटेने जाणाऱ्याने आपली वही आपण लिहावी.

पाचवा तोटा आम्हांला सर्वांत अवघड गेला, कारण तो आमच्याच धंद्यातला होता. कलापथकाजवळ वर्गणीतून घेतलेली एकच गिटार. आमचे मित्र तालमीला बसले की पाच तारा उतरवावयाच्या. त्यांचे झाले की दुसऱ्या वादकासाठी पुन्हा चढवावयाच्या. या ओढाताणीत तारा सूर धरीनात आणि तालमीचा वेळ खुंट्या पिळण्यात जाऊ लागला. पथकातला दुसरा वादक विशीतला मुलगा. तो शेवटी बोलला. "दादा, राग मानू नका. सगळ्यांची लावायची पद्धत एकच असते म्हणून तर कोणीही कोणाची गिटार उचलून वाजवतो. तुम्ही वेगळी लावली, तर उद्या तुम्ही आजारी पडल्यावर तुमच्या जागी बसायचं कोणी?"

दादा गप्प बसले. आम्हीही गप्प बसलो. मुलाचे म्हणणे खरे होते, आणि ते आम्हीच शिकविलेले होते. एकाची जागा दुसऱ्याने घ्यावी, कोणी स्वतःपुरती वेगळी चूल मांडू नये, हे आम्ही फाटकावर उभे राहून किती वर्षे सांगत आलो! एका माणसाच्या सोयीसाठी सगळ्यांचा मेळ मोडावा, हे आम्हांला म्हणवेना. आणि त्या माणसाला गिटार खाली ठेव म्हणणेही आमच्याने होईना.

त्या रात्री एक गोष्ट लक्षात आली. करारात आम्ही सगळ्यांसाठी एकच पगारश्रेणी मागतो. आणि त्याच करारात, जखमी कामगाराला हलके काम द्यावे, हे कलमही आम्हीच घालतो. त्या कलमाने एकजूट फुटली असे आजवर कोणी म्हटले नाही. उलट, ते कलम नसते तर जखमी माणूस एकजुटीच्या बाहेर पडला असता. आपण एकत्र असतो ते मागणीपुरते. प्रत्येकाचा हात सारखा असावा अशी अट कोणी घातलेली नाही. कलापथकातही सर्वांचा मिळावयाचा असतो तो स्वर. तो स्वर कोणी कोणत्या तारेवर, कोणत्या बोटाने काढला, हे ऐकणाऱ्याला कळतही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलाला म्हटले, "तुझं बरोबर आहे. एका गिटारीवर दोन मेळ चालायचे नाहीत." मग पुन्हा वर्गणी झाली आणि एक जुनी गिटार आली. दादांचे म्हणणे होते की, ती आपण स्वतःच्या पैशाने घ्यावी. पथकाने ते मानले नाही. ज्या मुलाने हरकत घेतली होती, त्यानेच बाजारात फिरून जाड तारा शोधून आणल्या. आणि आता त्यानेही गंधाराच्या मेळातल्या पाच-सहा संगती शिकून घेतल्या आहेत. "कधी बसायची वेळ आली तर," असे तो म्हणतो.

वाद्य आपल्या हाताशी जुळवून घेणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. ब्रिजभूषण काब्रा यांनी हीच गिटार मांडीवर आडवी घेतली, पडदे बाजूस सारून तारेवर कांब सरकविली, आपल्या रागांना सोयीचा मेळ घेतला, आणि 1967 साली शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी वाजविली, ती आजही घरोघरी ऐकली जाते. त्यांना राग वाजवावयाचा होता. पॅटला बारा स्वर मोकळे करावयाचे होते. आमच्या मित्राला दोन बोटांत गाण्याची साथ करावयाची होती. कामे तीन, मेळ निरनिराळे. ज्याच्या घरात चार धड बोटांचा मुलगा गिटार शिकत असेल, त्याला आम्ही रूढ मेळच शिकवा असे सांगू; पुस्तके, गुरू आणि संगत सगळी तेथे आहे. परंतु ज्याचा हात त्या मेळात बसत नाही, अपघाताने म्हणा, वयाने म्हणा, संधिवाताने म्हणा, त्याला "तुझ्या नशिबात नाही" असे सांगण्यापूर्वी पाच खुंट्या पिळून पाहावयास काय हरकत आहे?

गेल्या 1 मे रोजी आमच्या पथकाचा कार्यक्रम झाला. दोन गिटारी शेजारी शेजारी होत्या, एक जगाच्या मेळात आणि एक गंधाराच्या. आम्ही मुद्दाम मागच्या रांगेत जाऊन बसलो. कोणती गिटार कोणाची, हे डोळे मिटून ओळखण्याचा प्रयत्न केला. एक-दोन ठिकाणी ओळखू आले. तीन तारांची साथ जरा बारीक लागते. बाकी गाणे एकच होते.